ळ

फोन आला तेव्हा मी भट्टीजवळ होतो, कानात बोळे.
तीनदा वाजून गेला.
चौथ्यांदा एक बाई, मोडक्या हिंदीत:
"हूरा पोलीस. निहार का फादर? घबराना नहीं."

घाबरू नका म्हटलं की
आधी आठवतो पासपोर्ट, कुठल्या कपाटात ते.
मग व्हिसाची तारीख, गाडीचा हप्ता,
मग बायको, आणि सगळ्यात शेवटी मुलगा.
हा क्रम मी कुणाला सांगितलेला नाही.

ठाण्यात एसी इतका की खुर्चीचे हात गार.
सार्जंट बदरिया. स्कार्फवर टोपी,
बोटांवर विटत आलेली मेंदी.
तिनं आधी दुधाचा चहा मागवला
आणि टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवली.
आत चष्मा. एकच दांडी. काचेवर वाळू.
सहावीतल्या बेसिल चाक्कोचा.
बुधवारी तो बसच्या खिडकीतून गेला होता,
आणि गुरुवारी दुपारी ही बाई
हायवेच्या कडेनं चालत गेली होती तो शोधत,
मे महिन्यात, एकेचाळीस डिग्रीत.
का, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

निहार शेजारी बसून नखं खात होता.
मी डोळ्यांनी दटावलं.
तिनं ते पाहिलं.

म्हणाली, मारल्याचं नंतर बोलू, चष्म्याचंही.
हा शब्द काय आहे?
वहीत तिनं तो लिहून घेतला होता,
उजवीकडून डावीकडे. वाचून दाखवला:
"मेंगलत."
सगळी बस रोज म्हणते. बंगाली ड्रायव्हरसुद्धा,
अर्थ न कळता, हसत.
बेसिल म्हणतो, मारलं तर चालेल, हे नको.

मी म्हटलं, ऐसा कोई शब्द नहीं.
तसं खोटं नव्हतं. मेंगलत असा शब्द नाहीच.
अरबीत ळ नाही, माझ्या हिंदीतही नाही.
पोलिसांच्या फॉर्मवर तो निर्दोष सुटला असता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बेसिल आला,
डोळे बारीक करून, भिंतीला हात लावत,
मागे त्याची आई, नर्सच्या कपड्यांतच.
आणि कुणी न विचारता, दारातूनच म्हणाला:
मेंगळट.
स्वच्छ. जीभ मागे वळवून.
त्याच्या भाषेत ळ आहे.
आमच्या संगमेश्वरच्या शाळेतले मास्तर
खूश झाले असते.

मला आवाज ओळखू आला.
बेसिलचा नाही, निहारचाही नाही.
सकाळी सहा पाचचा, माझा:
एवढा वेळ बुटाची लेस बांधायला? मेंगळट!
रोज.
आणि त्याच्याही आधी, विहिरीच्या काठावर
उडी न मारणारा मी, आणि मागे वडील.
विमानतळावर लोणच्याची बरणी
उघडायला लावली होती मला, हुंगून पाहिली होती.
हा कुणी तपासला नाही.

"मतलब?" बदरियानं पेनाचं टोपण काढलं.
ढीला, मी म्हटलं. नाही, कमजोर.
नाही... जिसमें दम नहीं.
ती प्रत्येक शब्द लिहून घेत होती,
मी खोडायला सांगितलेलेसुद्धा.
"घर में किसको बोलते हैं?"

निहारनं तोंडातलं बोट काढलं.
चष्म्याचे दिनार, माफीचा कागद,
उद्यापासून दोन आठवडे ती स्वतः
बसच्या मागच्या सीटवर बसणार,
हे सगळं त्यानंतर ठरलं.
आधी मला उत्तर द्यावं लागलं,
आणि मुलासमोर द्यावं लागलं.
चहावर साय धरली होती. ती म्हणाली, पी लो.

दुसऱ्या दिवशी, सहा पाच.
निहार दारात उकिडवा, उजव्या बुटाची लेस,
ससा, दुसरा ससा, गाठ, सुटली.
खाली बसचा हॉर्न. पुन्हा हॉर्न.
जीभ टाळूपर्यंत गेलीच माझी.
तिथंच धरून ठेवली,
आणि उभा राहिलो.
लेस पुन्हा सुटली.